मोरिताची बाटली आणि आमचा फ्रिज

सर्कलचे किस्से तात्यांनी, म्हणजे मी, लिहायचे, असं या लोकांनी परस्पर ठरवलं. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाची पानं रिकामी राहिली की म्हाताऱ्यांची आठवण होते. "तुम्ही बोलता तसंच लिहा," म्हणे. बोलतो तेव्हा गप्प बसवतात आणि आता लिहा! ठीक आहे. किस्से खरकट्या भांड्यांसारखे साचतात. घासायला बसलं की तळाचं जळकंही वर येतं. मग ओरडायचं नाही.

मी सातवी नापास. जन्मभर द्राक्षांचा टेंपो चालवला. बायको गेल्यापासून अमेरिकेत, ओहायोतल्या डब्लिनला, मुलीकडे राहतो. मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये असं माझी आई म्हणायची. मी तर तिथे साके पितो. साके म्हणजे जपानी लोकांची तांदळाची दारू.

हे साके चाखायचं सर्कल सुरू केलं जावयाने. अभिजित पुण्याचा, आयटीतला. शेजारी मोरिता नावाचा जपानी इंजिनियर, गाड्यांच्या कंपनीतला. तिसरा नागपूरचा देशकर, आणि चौथा मी, कारण घरातच असतो. शनिवारी दुपारी बेसमेंटमध्ये बसायचं, चिमणीला पाणी ठेवावं एवढ्या पेल्यात साके घ्यायची आणि चव सांगायची.

पहिल्याच दिवशी अभिजितने डोळे मिटले. "मेलन," म्हणाला. "मागून थोडं पेअर." देशकरला फुलं लागली. माझी पाळी आली. मी म्हणालो, "पेज आहे. आजारी माणसाला देतात ती. मीठ राहिलंय."

अभिजितचा चेहरा पडला. पाहुण्यासमोर सासऱ्याने लाज काढली! पण मोरिताने भाषांतर करायला लावलं आणि तो इतका हसला की चष्मा काढून पुसला. त्याची आई आजारपणात तेच द्यायची म्हणे. तेव्हापासून तो मला तात्या-सान, म्हणजे तात्याराव, म्हणायचा आणि माझी चव शेवटी विचारायचा.

मग मला चेव आला. एकीला मी बियांसकट काकडी म्हणालो. एकीला काळं पडलेलं केळं. एक होती, तिला इस्त्रीखालच्या ओल्या कापडाचा वास होता. तसं सांगितलं तर अभिजित म्हणाला, "तात्या, ही बाटली महागाची आहे." म्हटलं, मग कापड चांगल्यापैकी असेल.

*

थंडीतली गोष्ट. एका बाटलीवर अभिजितचा फार जीव. ती गारच प्यायची म्हणे. बाहेर बर्फ, माझे दात दुखत होते. वर जाऊन माझा पेला मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. पेल्याबरोबर बाटलीही ठेवली, सगळ्यांची सोय होईल म्हणून.

बाटलीच्या गळ्याला सोनेरी कागद होता. आत ठिणग्या उडाल्या. सुनीता, माझी मुलगी, किंचाळत आली.

मोरिताने ती कोमट साके निमूट प्यायली. अभिजित आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलला. फ्रिजच्या दारावर मराठीत चिठ्ठी लागली, 'साकेला हात लावू नये.' नाव नव्हतं, पण घरात मराठी वाचणारा रिकामा माणूस एकच होता.

*

मोरिताकडचा एक रिवाज आहे. आपला पेला आपण भरायचा नाही. शेजारच्याने भरायचा, आपण त्याचा. आणि रिकामा दिसला की भरायचाच.

देशकरला वाटलं, पाहुण्याने वाढलेलं टाकू नये. तो पेला संपवायचा की मोरिता भरायचा. पुन्हा संपवायचा, पुन्हा भरायचा. दोघेही घामाघूम. शेवटी देशकर माझ्या कानात म्हणाला, "तात्या, हा माणूस थांबूनच नाही राहिला ना बाप्पा!"

अरे, पंगतीत जेवला नाहीस का कधी? ताट रिकामं केलं की वाढपी येणारच. भरलेला ठेव ना! पण तोवर उशीर झाला होता. त्याची बायको त्याला गाडीत घालून घेऊन गेली.

रिकामा पेला म्हणजे शेजाऱ्याची चूक, असं मोरिता त्या दिवशी म्हणाला. हे मला पुढे फार आठवलं.

*

उन्हाळ्यात मोरिताची बदली झाली. कायमचा परत जपानला. त्याचा भाऊ गावाकडे साके बनवतो. त्याने निरोपासाठी एक बाटली पाठवली. ही कच्ची, न तापवलेली. फ्रिजबाहेर राहिली की नासते. मोरिताने दोन्ही हातांनी अभिजितला दिली. फ्रिज तुमचा मोठा, म्हणाला. अभिजितने मधल्या कप्प्यात ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

त्याच सुमारास पुण्याहून विहीणबाई आल्या. अभिजितच्या आई, सुमतीबाई. श्रावण लागला. फ्रिजमध्ये नैवेद्याचं दूध, आणि शेजारी दारू!

एका सकाळी त्या बाटली पेपर नॅपकिनमध्ये, दोन बोटांत धरून गॅरेजकडे निघाल्या. मेलेला उंदीर धरतात तशी. मी समोर आलो. "श्रावण आहे," एवढंच म्हणाल्या. गॅरेजमध्ये जुना फ्रिज आहे. त्यात ठेवत असतील, असं मला वाटलं. त्यांना तो फ्रिज आहे हे माहीतच नव्हतं.

पुढच्या शनिवारी कचऱ्याचा डबा काढायला गेलो, तर बाटली गवत कापायच्या मशीनशेजारी उभी. ऑगस्टचं ऊन, पत्र्याचं दार. हात लावला तर चहाच्या कपासारखी. उचलून आत निघालो आणि दारातच अभिजित भेटला.

त्याने बाटली हातात घेतली. मग जे बोलला ते देशकरसमोर, सुनीतासमोर. मोरिताला आता काय तोंड दाखवू? त्याच्या भावाची शेवटची बाटली! चिठ्ठी लावली तरी कळत नाही? आणि शेवटी, "हे माझं घर आहे, तात्या. तुमचा टेंपो नाही."

विहीणबाई टेबलाशी मेथी निवडत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एक काडी उचलली, पानं खुडली, दुसरी काडी उचलली.

मी एक वाक्य बोललो असतो तर विषय संपला असता. पण त्या दिवाळीपर्यंत राहणार होत्या, आणि सुनीताला त्याच स्वयंपाकघरात त्यांच्याबरोबर दिवस काढायचे होते. सासूचं नाव सुनेच्या बापाने घेतलं, तर ते सुनेच्या अंगावर येतं.  माझ्या खोलीत जाऊन बॅग काढून बघितली, चाकं चालतात का.

*

निरोपाच्या दिवशी वर डायनिंग टेबलाशी बसलो. तीच बाटली उघडावी लागली. मोरिता दुसरी ऐकेना, भावाची होती ना. अभिजितने भरायला सुरुवात केली. मोरिताचा भरला, देशकरचा भरला. माझ्या पेल्यावरून बाटली पुढे गेली.

सगळ्यांनी पाहिलं. सुनीता ओट्याशी उभी होती, तिने तोंड फिरवलं.

मोरिताने घोट घेतला. त्याला कळलंच असणार. पावसात भिजून कोपऱ्यात पडलेल्या चपलेचा वास मला बसल्या जागी येत होता. त्याने दुसरा घोट घेतला. देशकर म्हणाला, "स्ट्राँग आहे." अभिजित खाली बघत राहिला.

मग मोरिता नेहमीसारखा माझ्याकडे वळला. "तात्या-सान?" आणि माझा रिकामा पेला बघून बाटलीकडे हात नेला.

अभिजित मराठीत म्हणाला, "त्यांना कशाला? त्यांना माहीत आहे चव. त्यांनीच केलीय ती."

विहीणबाई सोफ्यावर जप करत होत्या. माळ थांबली. त्या उठल्या. टेबलाशी आल्या, मोरिताच्या हाताखालून बाटली काढून घेतली. नॅपकिन नाही, पदर नाही. सरळ पाची बोटांनी धरली आणि माझ्या पेल्यात ओतली. काठोकाठ भरून टेबलक्लॉथवर सांडली तरी ओतत होत्या.

अभिजित आईच्या हाताकडे बघत राहिला. मग गॅरेजच्या दाराकडे. मग माझ्याकडे.

मी पेला उचलला आणि एका दमात संपवला. मोरिता वाट बघत होता.

"पेज," मी म्हणालो. "आईच्या हातची. झकास आहे."

भाषांतर लागलं नाही. पेज हा शब्द त्याला एव्हाना कळत होता. तो उठून माझ्यापुढे कमरेत वाकला. तेवढ्यात वरून शॉवरचा आवाज आला. विहीणबाई आंघोळीला गेल्या होत्या.

अभिजितने दुसऱ्या दिवशी सकाळी माझे पाय धरले. ती माफी पोचली. आता एकच यायची राहिली आहे, सुमतीबाईंची.