सोजर आत्या आणि तहकूब सभा

वस्तीवरच्या चंपाकाकूंचा फोन आला तेव्हा मी नगरला कॉलेजच्या ग्रंथालयात होते. आत बोलायला मनाई, म्हणून जिन्यात येऊन फोन घेतला. "तुझी आत्या गेली गं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि लगेच, "दुपारपातूर ये. उन्हाचं लई थांबता यायचं न्हाई." मी जामखेडची एसटी धरली. रस्ताभर मला रडू आलं नाही. सारखी भीती वाटत होती की वस्तीवर गेल्यावर कोणीतरी मला विचारेल... पण कोणी काही विचारलं नाही.

सोजर आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमची वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त घरांना कुलपं लागतात, माणसं ऊसतोडीला जातात. माझे आई-वडीलही जातात. त्या महिन्यांत मी आत्याजवळ राहून शिकले. गुडघे गेल्यामुळे तिचा कोयता सुटला होता. माणसं कारखान्यावर असताना गावात ग्रामसभा होऊन जायची आणि उन्हाळ्यात परत आल्यावर कळायचं की वस्तीचं काम दुसरीकडे गेलं. म्हणून आत्या सभेला जाऊ लागली. वस्तीवरून ती एकटीच असायची. सरपंच हसत विचारायचे, "आत्याबाई, सभेला आला का चहाला?" आत्या म्हणायची, "चहा तर तुमी कधी पाजला न्हाई. मंग सभेलाच आले असंन."

पाण्याची टाकी आमच्या माळावर बांधायची, एवढंच तिचं मागणं होतं. विहीर ओढ्याच्या गावाकडच्या काठावर, आणि ओढ्याची चढण उभी. तीन वर्षं तिने तोच विषय लावून धरला, तेव्हा कुठे ठराव झाला. पुढच्याच वर्षी एक मेच्या सभेच्या नोटिशीत विषय आला, टाकीची जागा बदलणे. नवी जागा गावालगत, सरपंचांच्या भावकीतल्या मळ्याशेजारी होती.

तेव्हा ऊसतोडीची माणसं परत आली होती. आत्या घरोघर फिरली. सगळ्यांनी सभेला यायचं, बायांनीसुद्धा, असं तिने ठरवून घेतलं. आणि मग तिने मला फोन केला, कारण घरात शिकलेली मी एकटी. मी राज्यशास्त्र शिकत होते. ग्रंथालयातल्या पुस्तकात मी नुकतंच वाचलं होतं की ठरलेल्या संख्येइतकी माणसं नसतील, म्हणजे कोरम भरला नाही, तर ग्रामसभा होऊ शकत नाही, तहकूब करावी लागते. मला वाटलं, सापडलं. मी म्हटलं, "तुम्ही कोणी जाऊच नका. हात मोजले तर गाव जास्त भरेल. तुम्ही गेलाच नाहीत तर कोरमच भरणार नाही."

"आमी जाऊन बोलतो की. बोलायला काय जातंय?"

"आत्या, कायदा आहे. ऐक माझं."

तिने ऐकलं. परत घरोघर फिरून तिने माणसांना थांबवलं, आणि मागून ग्रामपंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन आला तरी सही करू नका, असंही सांगितलं. कोरम भरला नाही, सभा तहकूब झाली. त्या संध्याकाळी ती फोनवर इतकी खुश होती की तिने मला 'वकीलसायेब' म्हटलं.

आठवड्याने तहकूब सभेची नोटीस लागली. आत्याने शेजारच्या मुलीकडून नोटिशीचा फोटो काढून मला पाठवला आणि फोन करून विचारलं, "आता काय करायचं?" माझा दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी फोटोत तारीख पाहिली, विषय पाहिला. म्हटलं, "तेच करायचं. कोणी जाऊ नका."

त्या नोटिशीत खाली एक ओळ होती, तहकूब सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. कोरमची अट पहिल्या सभेलाच असते. दुसऱ्या खेपेला जेवढी माणसं येतील तेवढी चालतात. पुस्तकातही हे पुढच्याच परिच्छेदात होतं. तहकूब सभेला गावातली पंचवीस-तीस माणसं आली आणि टाकी तिकडे गेली. वस्ती सगळी घरी बसून होती.

पुढचं वर्षभर आत्याच्या वाट्याला जे आलं ते मी हॉस्टेलवर बसून फोनवर तुकड्या-तुकड्याने ऐकलं. बाया विहिरीवरून येताना तिच्या दारात मुद्दाम हंडा टेकवायच्या आणि म्हणायच्या, "पुढारीनबाई, बघा, टाकी भरली का?" हळदीकुंकवाला तिला बोलावणं आलं नाही. चंपाकाकू तिची तीस वर्षांपासूनची शेजारीण, दोघी एकाच टोळीत ऊस तोडायच्या. त्यांनीही बोलणं टाकलं. "कुनी शिकवलं हुतं तुला?" असं सगळ्यांनी तिला विचारलं. ती प्रत्येकाला सांगत राहिली, "माझंच डोकं फिरलं."

माघ महिन्यात ती ओढ्याच्या चढणीवर हंड्यासकट पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती पुन्हा उठली नाही.

शेवटची भेटले तेव्हा तिने गोधडीखालून तीच नोटीस काढली. शिपायाकडून मागवून घेतली असावी. "वाच," म्हणाली. "समदं वाच." मी वाचत गेले आणि खालच्या ओळीपाशी थांबले. "वाच की." मी वाचली. तिने ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, "दुसऱ्या कुनाला वाचून दावू नगंस." त्यानंतर तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी पाणी पुढे केलं तर म्हणाली, "ठिव तिथं."

दहाव्याला चंपाकाकू माझ्याजवळ बसून रडल्या. म्हणाल्या, "लई हट्टी बाई. तुझ्यासारखीला इचारलं असतं तर ही येळ आली नसती." बाकीच्या बायांनी माना हलवल्या. मी उठून चहाचे कप गोळा केले.

गेल्या पंधरवड्यात गावात ग्रामसभा होती. मी चंपाकाकूंना आणि आणखी चार-पाच घरांना चला म्हटलं. मी म्हणते म्हणून चंपाकाकू निघाल्या, बाकीची मागून येणार होती. ओढा उतरताना मी त्यांना सगळं सांगितलं, फोटोपासून. त्या पाण्याच्या काठाशी थांबल्या. म्हणाल्या, "आमी तिच्या तोंडाकडं बघितलं न्हाई गं वर्सभर. आन् तू तिकडं पेपर देत हुतीस व्हय?" आणि तिथूनच त्या माघारी फिरल्या. सभा भरते त्या शाळेत मी पोहोचेपर्यंत त्यांनी वस्तीत सांगितलं असावं. मागून कोणीच आलं नाही.

सभा झाल्यावर शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो आणि न आलेल्यांच्या सह्या घेऊन कोरम पुरा करतो, ही आमच्या गावाची जुनी रीत. आत्याने ती ओळखली होती. उठायच्या आधी ती पेन मागून घ्यायची आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ ओढायची, म्हणजे पुढे नाव घालायला जागा उरू नये. हे मला त्या दिवशी शिपायाने सांगितलं. माझी सही झाल्यावर त्याने पेन परत घेतलं नाही. म्हणाला, "वढ रेघ. आत्याबाई वढायच्या."

मी सह्या मोजल्या. कोरम भरत नव्हता. रेघ ओढली नाही तर शिपाई घरोघर फिरून तो भरणार होता. रेघ ओढली तर सभा पुन्हा तहकूब होणार होती, आणि तहकूब सभेचं पुढे काय होतं ते आता मला पूर्ण पाठ होतं. यादीत आमच्या वस्तीचं एकच नाव होतं, सगळ्यांत शेवटी. मी त्याच्याखाली रेघ ओढली.