न घडलेल्या पडण्याचा आलेख

करड्या पोकळीत एक हाड संथपणे फिरत होतं. सर्जापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसच्या काचांना दुपारचं ऊन थटून राहिलेलं, आत एसीची अखंड घरघर, आणि पडद्यावर मांडीच्या हाडाचा वरचा भाग. गोल माथा, त्याखाली निमुळती मान, बाजूला कुल्ल्याचा उंचवटा. भोवती ना मांस, ना त्वचा, ना माणूस! अशी हाडं मी रोज पाहते. कृत्रिम खुबा बसवण्याआधी हाड किती भार सोसेल ते संगणकावर तपासणं हाच माझा व्यवसाय, आणि अनामिक अस्थींची डोळ्यांना सवय होऊन जाते. पण हे हाड अनामिक नव्हतं. ते माझ्या वडिलांचं, अप्पांचं होतं, आणि त्या घटकेला अप्पा शहराच्या दुसऱ्या टोकाला, चामराजपेटमध्ये त्याच हाडावर उभे राहून कॉफी पीत असणार होते.

अप्पा तिथं माडीवरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात. बाहेरून चढणारा लोखंडी जिना उभा आणि अरुंद. रोज सकाळी ते तो उतरतात, मार्केटातून शेवंती आणतात, ओळखीच्यांशी अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलून परत चढतात. मध्यंतरी खुबा दुखू लागला म्हणून स्कॅन काढलं. डॉक्टरांनी हाड विरळ झाल्याचं सांगितलं, सांभाळून राहा म्हणाले. सांभाळून म्हणजे किती, हे कोण सांगणार? जिना झेपणार नसेल तर अप्पांना ते घर सोडून माझ्याकडे, लिफ्टच्या इमारतीत यावं लागणार होतं. म्हणून वरिष्ठांची परवानगी काढून मी त्या स्कॅनवरून प्रतिकृती उभी केली. अप्पांनाही विचारलं होतं. “बघ की! सोनं बिनं सापडलं तर सांग,” असं म्हणून ते हसले होते.

आता तुम्हीच सांगा, हाड पडण्यात टिकेल का हे जाणून घ्यायचं तर काय करावं लागतं? त्याला पाडावं लागतं. कुल्ल्याच्या उंचवट्यावर, बाजूनं जमिनीवर आदळल्यावर जेवढा आघात बसेल तेवढा भार ठेवायचा आणि संगणकाला गणित सोडवायला सांगायचं. हे मी कितीतरी अस्थींना निर्विकारपणे केलं आहे. त्या दुपारी मात्र बोट माऊसवर अडखळलं. जन्मदात्याला आपल्या हातानं ढकलून द्यायचं, तेही अशा ठिकाणी जिथं आवाज होत नाही, कुणी विव्हळत नाही, कुणी धावून येत नाही!

शेवटी बटण दाबलं, आणि गणित चालू असतानाच फोन वाजला. अप्पांचा होता. “जेवलीस काय गं?” मागे लोखंडाचा ठण् ठण् आवाज येत होता, आणि शब्दांमध्ये धाप. ते जिना चढत होते. पडद्यावर ते पडत होते आणि कानात चढत होते, आणि दोन्हीकडचे अप्पा मला सारखेच खरे वाटत होते. “स्वल्प थांबतो हं,” म्हणून ते मधल्या पायरीवर थांबले. तेवढ्यात गणितही पूर्ण झालं.

हाड रंगांनी भरून गेलं. निळा म्हणजे निर्धास्त, हिरवा, पिवळा, आणि तांबडा म्हणजे धोका. पण रंगांवर फार विसंबायचं नसतं. म्हणून आम्ही हाडावर एक वाट आखतो. आरंभाचा बिंदू टिपायचा, अंताचा टिपायचा, आणि मधल्या वाटेवर ठिकठिकाणी किती ताण आहे त्याचा आलेख काढायचा. मी मानेच्या वरच्या कडेनं वाट आखली, माथ्यापासून उंचवट्यापर्यंत. जिथं कुणाचं पाऊल कधी पडलं नाही, अशा त्या अंधाऱ्या वाटेनं मी माझ्या बापाच्या देहातून चालले होते. आलेख आला तो एखाद्या टेकाडाच्या उतारासारखा, सौम्य, हाड मोडण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली. किती बरं वाटलं म्हणून सांगू! अप्पा घरातच राहणार होते.

पुण्याहून आलेली माझी सहकारी मेधा खुर्ची सरकवत पाहायला आली. “अगं, पॉइंट्स किती ठेवलेस? डिफॉल्टच?” तिनं विचारलं. आनंदाच्या भरात मी ते पाहिलंच नव्हतं. सॉफ्टवेअर आपणहून त्या वाटेवर मोजकेच बिंदू घेतं, तिथंच थबकून ताण वाचतं आणि मधलं अंतर सरळ रेषेनं सांधून टाकतं. दोन बिंदूंच्या मध्ये काय दडलंय ते त्याला ठाऊकच नसतं. मी बिंदू वाढवले. तीच वाट, तेच हाड, तोच भार. सौम्य उताराच्या ऐन मध्यावर एक सुळका उगवला, मर्यादा ओलांडून सरळ वर गेलेला. तो तिथंच होता, मघापासून. मेधानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारी लॅपटॉप घेऊन मी चामराजपेटला गेले. अप्पांनी चष्मा लावून तो सुळका बराच वेळ पाहिला.

“हा मी पडलोय काय?”

“अजून नाही, अप्पा.”

“आणि मग? उठतो की नाही, ते दाखव की.”

ते कसं दाखवणार? आमचं गणित हाड मोडतं तिथंच संपतं. त्यापुढचा माणूस त्यात नसतो. मी नकारार्थी मान हलवली. अप्पांनी चष्मा काढून पुसला. “सरी,” कन्नडातलं ‘बरं’, एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी भांडी बांधायला काढली.

निघायच्या सकाळी मी जिन्यावर त्यांच्या पुढं होते, त्यांच्याकडे तोंड करून, एक हात कठड्याला आणि एक त्यांच्या कमरेशी धरून. पाऊल खाली येई आणि मला धोतराआड तांबडा झालेला खुबा दिसे. पुढचं पाऊल, पुन्हा तोच. माझ्या डोळ्यांपुढं ते प्रत्येक पायरीवर पडत होते. मधेच अप्पा थांबले.

“काय झालं? दुखतंय?”

“काही नाही. पायाकडं काय बघतेस गं सारखी? माझ्याकडं बघ की.”

मी वर पाहिलं. किती दिवसांत मी त्यांचा चेहरा नीट पाहिलाच नव्हता! दाढीचे पांढरे खुंट वाढले होते, ओठ कोरडे पडले होते. अप्पा घाबरले होते, आणि ती भीती जिन्याची नव्हती; तो पुन्हा चढायला मिळणार नाही याची होती.