वाचून तापलेलं डोस्कं

पाथरीहून भाच्याचा, महादेवचा फोन आला. "मामा, आई गेली." दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही म्हणे. माझी थोरली बहीण, गिरजाक्का. महिना होत आला त्याला. लोक भेटायला येतात, "भरल्या घरातून गेली, सोनं झालं" म्हणतात... मी मान डोलावतो, पण आतून नुसता संताप होतो. सोनं कशाचं? चौदाव्या वर्षीच तिच्या आयुष्याची माती केली होती, आणि तीही कशावरून, तर तोंडावरच्या पुटकुळ्यांवरून!

निजामाच्या राजवटीतली गोष्ट. जिंतूरला वडिलांचं किराण्याचं दुकान होतं. मुलींच्या शाळेत वरचे वर्ग उर्दूत, त्यामुळं आळीतल्या पोरी चौथीतच घरी बसायच्या. आक्का मात्र पुढं गेली आणि उर्दू फाडफाड वाचायला लागली. दुकानात सरकारी कागद आला की वडील मुनीमाला सोडून तिलाच हाक मारायचे. शाळेत शिकवणाऱ्या बाईंना तेव्हा उस्तानी म्हणत. "परभणीला धाडतो, तुला उस्तानी करतो," असं वडील स्वतःच्या तोंडानं बोलले होते. आक्का त्या एका वाक्यावर घरातलं सगळं काम हसत उरकायची.

त्याच वर्षी तिच्या गालांवर, कपाळावर पुटकुळ्या उठल्या. वयात येणाऱ्या पोरीला येतात तशाच. पण आमच्या घरात आत्याबाई होत्या, वडिलांच्या विधवा बहीण, आणि त्यांच्यापुढं वडिलांचंही काही चालायचं नाही. "रगात तापलंय," म्हणून आधी शेंगदाणे बंद झाले, मग गूळ, मग तीळ. "तोंड नीट धुत न्हाई," म्हणून रोज सकाळी राखेनं आणि खरबरीत पंच्यानं गाल घासायचे, अगदी सोलवटून रक्त येईपर्यंत. मठातली विभूती चोपडून झाली. शेजारणी कुजबुजल्या, पोरीच्या मनात काहीतरी वंगाळ असणार. अहो, त्या लेकराच्या मनात काय असणार? भूगोल आणि गणित! घासून घासून पुटकुळ्या चिघळल्या, तेव्हा आत्याबाईंना खरं कारण सापडलं. "पोरगी सारखी वाचायलीय. वाचून डोस्कं तापतंय, ती ऊब तोंडावाटं निघायलीय. शाळा बंद करा."

आक्का म्हणाली, "आमच्या उस्तानीबाई दिसभर वाचत्यात. त्यांचं तोंड कसं साफ हाय?"

"त्यांना पचतंय," आत्याबाई म्हणाल्या, आणि उलट बोलली म्हणून तिच्या मुस्काटात दिली, त्याच चिघळलेल्या गालावर.

उस्तानीबाई घरी येऊन सांगून गेल्या, "सेठ, किताब से मुहाँसे नहीं आते जी. बच्ची अव्वल है." वडील खाली बघत म्हणाले, "चेहरा सुधरू द्या, मग धाडतो." चेहरा सुधरला तसे पाहुणे बघायला आले. उन्हाळ्यात आक्का पाथरीला सासरी गेली.

आणि मी? दोनेक वर्षांत माझं तोंड तर तिच्याहून वंगाळ झालं. आत्याबाई कौतुकानं म्हणाल्या, "पोरगा वयात आला की!" मला दुधात तूप घालून दिलं आणि शिकायला परभणीला धाडलं. तिथं मी रात्रंदिवस वाचलं. माझ्या डोक्याची ऊब कुणाला लागली नाही. हा न्याय!

आक्कानं संसार नेटका केला, कधी कुरकुर केली नाही. मला वाटायचं, विसरली असेल... काही वर्षांमागं तिची नात कातडीच्या रोगांची डॉक्टर होऊन घरी आली. मी तेव्हा पाथरीतच होतो. गल्लीतली एक पोरगी नातीला तोंड दाखवायला आली. नात तिला समजावत होती की वयात येताना कातडीखाली तेल जास्त सुटतं, भोकं बुजतात, म्हणून मुरूम येतात. तोंड घाण आहे म्हणून येत नाहीत, उलट घासलं तर चिघळतात. आक्का शेंगा फोडत ऐकत होती. तिचा हात थांबला.

"वाचल्यानं येत्यात का गं?"

नात हसली. "आजी, वाचल्यानं कसे येतील?"

आक्का हसली नाही. ती माझ्याकडं वळून म्हणाली, "आत्याबाई गेल्या, बाबा गेले. आता मी भांडू कुणाशी रे?"



दुसऱ्या दिवशी तिनं पेपर लावला. रोज सकाळी दारात खुर्ची टाकायची आणि पहिल्या ओळीपासून जाहिरातींपर्यंत सगळं मोठ्यानं वाचायची, पार गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. "आजी, मनात वाचा की," असं कुणी म्हणालं तर म्हणायची, "मनात लय वाचलं."

परवा पाथरीला गेलो. दारातल्या खुर्चीवर पेपर पडला होता, घडी न मोडलेला. महादेवची बायको चहा देताना म्हणाली, "मामा, आता आईंचा पेपर बंद करावा म्हणते."

"खबरदार!" मी ओरडलोच. "तिचं वाचणं एकदा बंद केलं, तेवढं बस झालं."