चाळिसावा कप्पा

कचेरीत सगळे त्याला किडा म्हणत. एखादं यंत्र का अडलंय हे कळेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नसे. घरी आला की तो प्रोग्रॅम लिहीत बसे. कुणीही फुकट वापरावेत, आत काय लिहिलंय ते वाचावं, हवं तर बदलावं असे. थोरली बहीण त्याला बिनपगारी फुल अधिकारी म्हणायची.

ताई जन्मांध. एका छापखान्यात ती मुद्रितं तपासायची. कॉम्प्युटरला जोडलेल्या ब्रेल पट्टीवर बारीक टाचण्या वर येत आणि तिच्या बोटाखालून काना-मात्रेची चूक सुटत नसे. मग छापखान्यानं कॉम्प्युटर बदलले, जुने भंगारात घातले, आणि नव्यांशी न जुळल्यानं पट्टी मुकी झाली. हे मॉडेल आता बंद, नवं घ्या, असं पट्टी बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं. नवं घेणं दोघांच्याही आवाक्यातलं नव्हतं. छापखान्याच्या मालकानं पट्टी चालू करायला महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली.

किड्यानं कंपनीकडे पट्टीची तांत्रिक माहिती मागितली. तिच्या आतल्या कुठल्या कप्प्यात कुठला आकडा लिहिला की काय होतं, एवढंच त्याला हवं होतं. अधिकारी फोनवर गोड बोलला. माहिती मिळेल, म्हणाला, फक्त तिच्यावरून लिहिलेली एक ओळही घराबाहेर जाणार नाही अशी सही करून द्या.

घोडं तिथेच अडलं. अशाच पट्ट्या मुक्या झालेल्या नऊ जणांची पत्रं त्याच्याकडे पडून होती. सही केली की ताईचं भागणार होतं आणि त्या नऊ जणांसाठी त्याचे हात कायमचे बांधले जाणार होते.

"कर की सही," ताई म्हणाली. "तुझ्या तत्त्वांना बोटं आहेत का रे? मला आहेत."

त्यानं सही केली नाही. एकेका कप्प्यात आकडा टाकायचा, काय होतं ते पाहायचं, वहीत लिहायचं. एकोणचाळीस कप्पे असे चाचपडत उलगडले. टाचण्या वर येऊ लागल्या, पण बोट टेकलं की बसत. जोर चाळिसाव्या कप्प्यात असणार, असा त्याचा अंदाज होता.

रविवारी दुपारी ताई पट्टीवर बोटं ठेवून बसली. तो आकडा चढवत गेला, ती सांगत गेली. पाचाला अक्षर लागलं. साताला ओळ वाचता आली, पण दिवसभर वाचायचं तर टाचण्या अजून थोड्या घट्ट हव्यात, असं तिला वाटलं.

"आणखी एक चढव."

सातापर्यंतची प्रत्येक पायरी सारखी होती. आठवी दुपटीची आहे हे ज्या कागदावर लिहिलं होतं तो कंपनीच्या कपाटात होता. त्यानं आठ लिहिले. जळकट वास आला. ताईनं बोटं उचलली नाहीत.

"सगळे ठिपके एकदम वर आले," ती म्हणाली. "आता सपाट आहे."

महिना संपला. छापखान्यानं डोळस माणूस घेतला. किड्यानं आपला प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला आणि सोबत लिहिलं: चाळिसावा कप्पा, टाचण्यांचा जोर. सात ठेवा. आठ लिहू नका, पट्टी जळते.

नऊपैकी पाच जणांच्या पट्ट्या चालू झाल्या. आभाराचं पहिलं पत्र त्यानं ताईला वाचून दाखवलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं.

"कुणाची जळली, ते लिहिलंस?"

त्यानं नाही म्हटलं.

"लिही. आणि पुढची पत्रं मनात वाच."