दोष नसल्याचा रिपोर्ट

"आ कर."

साहेबांनी माझ्या बापाच्या तोंडाशी नाक नेलं आणि हुंगलं. शिंदखेड्याच्या कचेरीत, भर दुपारी, सगळ्या टेबलांसमोर. आबा तिथे शिपाई. चहा देताना उजवा हात थरथरला, कप फायलीवर सांडला. वास कसलाच आला नाही. तरी साहेब म्हणाले, "वेलची चघळून आला असेल. यांच्या वस्तीत पाण्याऐवजी हेच पितात." सगळे हसले. सुटीवर आलेली मी, आबांचा डबा घेऊन दारात उभी होते.

आबा रोज विहारात पंचशील म्हणणारे. पाचवं शील दारूचं. वस्तीतल्या लग्नात कुणी पिऊन आला, तर भरल्या पंगतीतून उठवायचे त्याला. असा माणूस. "मी थेंब बी लेत नई, साहेब," एवढंच बोलले.

आता माझीही लाज सांगते. त्या संध्याकाळी मी आबांचा पेला हुंगला. त्यांनी पाहिलं.

"तू बी माले हुंगी राहिनी का, बाई?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. मी धुळ्याला एका खासगी स्कॅन सेंटरमध्ये टेक्निशियन. सीटी स्कॅन नवंनवं आलेलं. मशीन सांगेल ते खरं, असं सगळेच मानायचे. मीही. आबांना मीच मशीनवर निजवलं, फिल्मही मीच काढली. रिपोर्ट आला, मेंदूत दोष नाही. मी खूश. पेढे वाटायचेच राहिले होते. आणि तो कागद मीच, माझ्या हातांनी, साहेबांना नेऊन दिला.

साहेबांनी वाचला. "मेंदू ठीक आहे ना? मग हात दारूनेच हलतो. तुझ्याच मशीनने सांगितलं."

आठ दिवसांत आबांच्या हातात टाइप केलेला कागद. दारू पिऊन कामावर आलो, माफी असावी. सही करा, नाहीतर निलंबन.

मुंबईचे एक मेंदूचे डॉक्टर महिन्यातून एकदा आमच्या सेंटरला यायचे. आबांना त्यांच्यापुढे उभं केलं. त्यांनी फिल्मकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "आबा, दारापर्यंत चाला." आबा चालले. डावा हात मागेपुढे होत होता, उजवा कुशीला चिकटलेला. मग चार ओळी लिहायला लावल्या. शेवटाकडे अक्षरं मुंगीएवढी झाली.

"पार्किन्सन," डॉक्टर म्हणाले. "हा या स्कॅनमध्ये दिसत नाही. परदेशात वेगळं मशीन निघालंय. मेंदूत कुठलं रसायन कमी पडतंय ते दाखवतं, कधीकधी हात थरथरायच्या आधीच. आपल्याकडे अजून नाही. तोवर माणसालाच नीट बघायचं." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

कचेरीत चौकशी लागली, तेव्हा मीही आबांबरोबर गेले. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. तरी आबांनी पेन उचललं. "सही करी टाकस, बाई. नोकरी ते ऱ्हाई."

म्हणजे आयुष्यभर पाळलेलं शील मोडलं, असं स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं. न मोडता. माझं डोकं फिरलं. कागद ओढून घेतला.

"साहेब, माझ्या बापाचं तोंड हुंगलंत. रोज तुमच्यासमोर चालतात, त्यांचा एक हात हलत नाही हे नाही दिसलं? ही डॉक्टरांची चिठ्ठी. आता लिहून द्यायचं तर तुम्ही द्या."

"बाहेर हो."

मी नाही गेले. खुर्ची ओढली आणि बसले. त्या कचेरीत आमच्या घरातलं माणूस पहिल्यांदा खुर्चीवर बसलं. बाजूला आबा घाबरून उभेच.

चिठ्ठी दप्तरी दाखल झाली. निलंबन टळलं, आबांना टपालावर शिक्के मारायचं बैठं काम मिळालं. माफी कुणी मागितली नाही. मी विसरलेले नाही.

आता सेंटरमध्ये थरथरत्या हाताचा कुणी आला की रिपोर्ट देताना मी त्याला दारापर्यंत चालायला लावते. चालताना एक हात मागेपुढे होत नसला की घरच्यांना स्पष्ट सांगते, "हा रोग या मशीनला दिसत नाही. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. कुणी दारुडा म्हटलं तर ऐकून घेऊ नका." मालक चिडतात. टेक्निशियनने तोंड उघडायचं नाही म्हणतात. काढायचं तर काढा मला. आहे तोवर सांगणार.