कोरडं सूत

सुताला लावायच्या खळीचा वास आला की मला शहापूरचा बाबूअण्णा विणकर आठवतो. माझे आप्पा पटकीनं गेले तेव्हा खांद्याला एक माणूस कमी पडत होता, म्हणून आईनं मला शेजारी त्याच्याकडं धाडलं. तो गल्लीत ताणलेल्या सुतापाशी उभा होता.

"आत्ताच खळ लावलीया गं. सोडून आलो तर सूत वाया जाईल. न्हायतर मी टाळलं असतं व्हय?"

मी सुतावर हात फिरवला. कोरडं ठणठणीत होतं. त्यानं माझा हात बघितला आणि मान वळवली. चौथा खांदा आईनं दिला.

तो भ्याला होता, हे आज कळतं. भिण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तेराव्याला तो पंगतीत पहिला बसला, आणि "शेजाऱ्याचं टाळून चालत न्हाय," म्हणत त्यानं दुसरा लाडू मागून घेतला.