फौजदार शिरगुप्पे धावतो

डोळे मिटल्यावरही काही वेळ पापण्यांच्या आत उजेडाचे तुकडे फिरत राहतात. डोळ्यांतल्या पेशी थकलेल्या असतात, एवढंच त्याचं कारण. आज त्या तुकड्यांतून फौजदार शिरगुप्पे धावतो आहे. दुपारचा खेळ पाहून आले, कपडेही न बदलता दिवाणावर डाव्या कुशीला पडले, तरी तो थांबत नाही. या गच्चीवरून त्या गच्चीवर उड्या मारतो आहे.

शिरगुप्पे कधी धावत नसे. चार चित्रपट तो लंगडत चालला. चोर पळाला की काठी टेकून म्हणायचा, "पळू दे. रस्ता आपल्याला ठाऊक आहे." माझा धाकटा भाऊ भालू हे वाक्य थिएटरात त्याच्या आधी म्हणायचा, आणि पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. भालूला लहानपणी पोलिओ झाला होता. एका पायात लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर घालायचा. पाचव्या भागाची घोषणा झाली तेव्हा तो होता. चित्रपट आला तेव्हा नाही.

"काय गं अक्का, झोपलीस होय?"

भालू थिएटरच्या जिन्यावरून खाली येतो आहे. दोन-दोन पायऱ्या एकदम.

"जाऊन आलीस? एकटीच?"

"दुसरं कोण येणार? आपल्या वहिनीला शिरगुप्पे गावठी वाटतो."

"कसा आहे?"

"वाईट."

"वाईट काय? प्रयोगशाळेत असं लिहितेस का? नीट सांग."

"त्याचा पाय बरा केलाय."

भालू हसायचं थांबतो. "कुणी?"

"परदेशातल्या डॉक्टरनं. मग एक गाणं. गाण्याच्या शेवटी तो काठी नदीत फेकतो."

"पंचगंगेत? म्हणजे आणखी घाण." तो माझ्या टेबलासमोरच्या उंच स्टुलावर सहज उडी मारून बसतो. आम्ही माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहोत. मातीचे नमुने खुर्च्यांसारखे रांगेत लावले आहेत आणि सगळ्यांची तोंडं पडद्याकडे आहेत. "मग पुढं?"

"पुढं धावतो. लोक उभं राहून शिट्ट्या मारतात."

"मारणारच."

या स्टुलावर त्याला कधी चढता आलं नाही. मी त्याचे पाय बघते. दोन्ही सारखे. दोन्ही बूट सारखे झिजलेले. लोखंडाचा आवाज नाही, कातडी पट्ट्याचा तो घामट वास नाही.

"तुझा कॅलिपर कुठाय?"

"नदीत."

"भालू, थट्टा नको."

"थट्टा तू केलीस. मला असं कुणी आणलं? शिरगुप्पेच्या नावानं बोटं मोडतेस आणि माझा पाचवा भाग तूच काढलायस."

मग मी त्याला ते सांगते, जे थिएटरातून निघाल्यापासून मला जाळतं आहे. नव्या चित्रपटात शिरगुप्पेचे जुने दिवस दाखवताना त्याला उजव्या पायानं लंगडायला लावलं आहे. चार चित्रपट तो डावा होता. मी खुर्चीत ताठ झाले. भालू असता तर ओरडला असता. आणि त्याच क्षणी मनात आलं, भालूचा कुठला? मला आठवेना. घरी येईपर्यंत आठवेना. फोटोंत तो नेहमी खुर्चीमागे उभा. कॅलिपर आम्ही कुणाला तरी देऊन टाकला.

"सांग ना. कुठला पाय?"

"मला काय विचारतेस? मी तुझ्या डोक्यातला. तुला ठाऊक तेवढंच मला."

तो स्टुलावरून उतरतो तो शाळेच्या मैदानावर. धावायला लागतो. सुंदर धावतो. कडेला आई उभी आहे, तिच्या शनिवारच्या उपासाच्या चेहऱ्यानं, आणि टाळ्या वाजवते आहे. हेच तर ती मागत होती.

"भालू, थांब! मला तू असा नको आहेस."

तो थांबतो. धापही लागलेली नाही.

"मला मी तसा हवा होतो, असं वाटतं तुला? उन्हाळ्यात तो पट्टा मांडीला काचायचा. सालं निघायची. कधी बोललो?"

"म्हणजे तुला हा नवा शिरगुप्पे आवडला असता."

"आवडला असता?" तो थुंकतो. "मी तसाच मेलो, आणि तो बरा झाला? गद्दार साला."

मैदानावरचे दिवे जातात. खेळ संपला आहे, लोक निघून गेले आहेत, बाल्कनीचा जिना अंधारा आणि उभा आहे.

"चल अक्का," तो दमलेल्या आवाजात म्हणतो. "उतरव मला."

त्याचा हात माझ्या खांद्यावर येतो. पूर्ण भार. लोखंड पायरीवर वाजतं. मी खाली बघत नाही. एक पायरी, मग लोखंड, मग पुढची पायरी.

"सावकाश," तो म्हणतो. "तुला सगळ्याची घाई."

डोळे उघडतात तेव्हा खिडकीत ऊन आहे. डावा हात अंगाखाली दबून बधिर झाला आहे; त्याचं कारण मला कळतं. उजवा खांदा वर होता, मोकळा. त्याला ना उशी लागली ना पांघरूण. तिथे कुर्त्याचं खळ घातलेलं कापड चुरगळलं आहे. पुढे चार बोटांच्या चुण्या, मागे अंगठ्याची एक.

जिना उतरताना मी नेहमी त्याच्या अधू बाजूला, एक पायरी पुढे असायचे. माझा उजवा खांदा, त्याचा डावा हात.

डावा पाय, भालू. डावा.